नारळी पौर्णिमेआधी बुजवलेली खांड

धरमतर खाडीच्या काठाला पेण आणि अलिबाग तालुक्यांतील जी भातशेती आहे, तिचा मोठा भाग उधाणाच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर आहे. खाडीच्या बाजूचा मातीचा बाहेरकाठा आणि त्यात ठिकठिकाणी बसवलेल्या उघाड्या, एवढ्याच आधारावर ती पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली. उघाडी म्हणजे बांधाखालून काढलेली मोरी. तिच्या खाडीकडच्या तोंडावर वरून टांगलेली झडप असते. ओहोटीला आतले पावसाचे पाणी झडप ढकलून बाहेर पडते आणि भरती चढू लागली की खाडीचे पाणीच तिला दाबून बंद करते. पूर्वी बांधाच्या डागडुजीला घरटी एक माणूस जात असे. त्या पद्धतीला जोळ म्हणत. 1979च्या खारभूमी विकास कायद्यानंतर अनेक बांधांची जबाबदारी सरकारकडे आली आणि जोळ मागे पडली.

मी या पट्ट्यात कनिष्ठ अभियंता होतो, तेव्हा आषाढी अमावास्येनंतरच्या उधाणाला एका गावाचा बाहेरकाठा उघाडीलगत फुटला. भरतीबरोबर वाहत आलेला ओंडका झडपेत अडकला होता, त्यामुळे ती पूर्ण मिटत नव्हती आणि मोरीचे काँक्रीट व मातीचा भराव यांच्या सांध्यातून पाणी वाट काढत होते. त्या सांध्यात खेकड्यांची बिळेही होती. पाणी माथ्यावरून उसळले की बांध फुटतो, असे बहुतेकांना वाटते. परंतु खाडीकाठी मी पाहिलेल्या बहुतेक खांडी, म्हणजे बांधाला पडलेली भगदाडे, आतून पोखरल्या जाऊन पडलेल्या होत्या, आणि त्यांची सुरुवात शांत दिवसांत कोणाचे लक्ष नसताना झालेली होती.

लावणी नुकतीच आटोपलेली होती. दर भरतीला खारे पाणी चोंढ्यांत, म्हणजे भातखाचरांत, शिरत होते, आणि एकदा मीठ मुरले की पुढची दोन-तीन वर्षे पीक धड येत नाही, हे गावातल्या लहान मुलालाही ठाऊक होते. आठवड्यावर नारळी पौर्णिमेचे उधाण होते. त्याआधी खांड बुजली नाही, तर तिचे तोंड कित्येक पटींनी रुंदावणार होते.

मंजूर नकाशात बांधाची दुरुस्ती जुन्याच रेषेत, सरळ दाखवलेली होती. जागेवर एका वृद्ध शेतकऱ्यांनी मला बांबू खुपसून दाखवला. तो जवळजवळ सबंध आत गेला. ते म्हणाले, “सायेब, इथं कोंड परलाय. माती टाकाल ती सगली खारीत जाईल. मागून वलसा घ्या.” त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. खांडीतून आत-बाहेर धावणाऱ्या पाण्याने जिथे खोल खणून कोंड, म्हणजे डोह, केला असेल, तिथे भराव टिकत नाही. म्हणून जुन्या बांधाच्या दोन्ही टोकांपासून निघून डोहाच्या मागून शेताच्या घट्ट जमिनीवरून घोड्याच्या नालाच्या आकाराचा बांध घ्यावा लागतो. काही गुंठे शेत त्यात खाडीला द्यावे लागते. ज्यांचे गुंठे जाणार होते त्यांनी तिथल्या तिथे संमती दिली, आणि मी वरिष्ठांना दूरध्वनी करून रेषा बदलून घेतली.

काम शुद्ध नवमीला, भांगाच्या म्हणजे लहान भरतीच्या दिवशी धरले. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा कोळ्यांचा हिशेब. नवमीची भरती पावणेसातची, म्हणजे सुकती (पूर्ण ओहोटी) एकच्या सुमारास आणि हाताशी फक्त दुपार. मुख्य वाद भरावाच्या पद्धतीवरून झाला. ठेकेदाराला दोन्ही टोकांकडून दगड-मुरूम ढकलत मध्यभागी यायचे होते. परंतु तसे केल्यास तोंड अरुंद होत जाते, तेवढेच पाणी लहान वाटेने जाऊ लागते, त्याचा वेग वाढतो आणि शेवटच्या काही मीटरांत तळ पुन्हा खणला जातो. शिवाय दगडांच्या फटींतून पाणी थांबत नाही आणि चिखलात दगड खचतो तो वेगळाच. म्हणून मी संपूर्ण लांबीवर एकाच वेळी थरावर थर चढवण्याचा आग्रह धरला.

त्यासाठी माणसे हवी होती, आणि ती आली. जवळच्या गावांतूनही लोक घमेली-फावडी घेऊन उतरले. सुरूच्या बल्ल्यांच्या दोन रांगा ठोकून आतून बांबूचे तट्टे बांधले आणि मध्ये चिखलमातीचे ढेप हातोहात सरकू लागले. माती शेताच्या आतल्या बाजूची, निळसर करडी आणि चिकट होती. ढेप मुठीत दाबल्यावर बोटांचे ठसे उमटावेत पण पाणी सुटू नये, एवढीच आमची चाचणी होती. दर थरावर पेंढा पसरून तो पायांनी तुडवला जाई. चारच्या सुमारास भरतीचे पाणी बांधाशी पोचले तेव्हा माथा गुडघ्याएवढा होता, आणि पुढचे दोन तास पाणी व माती बरोबरीने चढत होती. पूर्ण भरतीला माथा पाण्याच्या वर वीतभर राहिला.

पुढचे दिवस तो उंचावण्यात गेले. पौर्णिमेच्या उधाणाला मी सबंध बाहेरकाठा पायी तपासला. एका जागी पाझर होता, तो आतल्या बाजूने पोती रचून आवरला. शेजारच्या ज्या भागासमोर तिवरांची दाट रांग होती, तिथले दगडी पिचिंग (बांधाच्या उतारावरचे दगडांचे अस्तर) जरासुद्धा हललेले नव्हते. उघड्या भागात मात्र लाटांनी दगड निखळले होते. तिवरे बांधावर नकोत, कारण मुळे माती सैल करतात. पण बांधासमोरच्या चिखलात ती हवीतच, असे माझे ठाम मत आहे. बांध कितीही जाड केला तरी लाटेचा जोर आधीच मोडून घेण्याचे ते काम त्याच्याने होत नाही.

त्या वर्षीचे पीक गेले. भाद्रपदापर्यंत पावसाचे गोडे पाणी चोंढ्यांत साठवून ओहोटीला उघाडीतून सोडत राहिल्याने बरेचसे मीठ धुऊन निघाले, आणि पुढच्या वर्षी उंचावरच्या चोंढ्यांत खारपड सहन करणारे पनवेल-3 हे वाण लावले गेले. उन्हाळ्यात उघाडी नव्याने बांधताना मोरीच्या दोन्ही बाजूंना भरावात खोल शिरणाऱ्या भिंती घेतल्या, जेणेकरून सांध्यातून पाण्याला सरळ वाट मिळू नये. झडप रोज पाहण्यासाठी गावातल्याच एकाला मानधन द्यावे, असा प्रस्ताव मी अंदाजपत्रकाला जोडला होता. तो मंजूर झाला नाही. गावाने जोळीच्या जुन्या यादीप्रमाणे घरांची पाळी लावली. ज्याची पाळी, तो सुकतीला जाऊन झडपेतला कचरा काढतो आणि सांध्यालगतची खेकड्यांची बिळे चिकणमातीने बुजवतो.