तुम्ही विचारलंत म्हणून: गाणे प्लेलिस्टपर्यंत कसे पोहोचते?

सांगली-मिरजेत स्वतःची गाणी करणारी तरुण मंडळी भेटली, की हमखास विचारतात: स्पॉटिफायच्या प्लेलिस्टमध्ये गाणे यायचे असेल, तर ओळख लागते की पैसे? मी त्यांना सांगतो की आधी हाताशी पुरेसे दिवस ठेवा आणि आपले गाणे नेमके कशाचे आहे, हे थोडक्यात लिहायला शिका.

स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट तयार करणाऱ्या संपादकांकडे गाणे पाठवण्याची सोय ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’ या कलाकारांसाठीच्या सेवेत आहे. ती विनामूल्य आहे, परंतु अद्याप प्रदर्शित न झालेल्या गाण्यासाठीच, आणि एका वेळी एकाच गाण्यासाठी. प्रदर्शनाच्या किमान ७ दिवस आधी असे पाठवलेले (‘पिच’ केलेले) गाणे संपादकांनी निवडले नाही, तरी ते तुमच्या फॉलोअर्सच्या ‘रिलीज रडार’मध्ये, म्हणजे प्रत्येक श्रोत्यासाठी आपोआप बनणाऱ्या नव्या गाण्यांच्या यादीत, जाते. डिस्ट्रिब्युटरकडून, म्हणजे कलाकाराचे गाणे स्पॉटिफायवर चढवणाऱ्या कंपनीकडून, गाणे तिथवर पोहोचायलाही वेळ लागतो, त्यामुळे गणपतीचे गाणे चतुर्थीच्या तोंडावर तयार झाले, तर ही वाट त्याच्यासाठी उरतच नाही.

खरे कष्ट आहेत ते वर्णनाचे. त्यासाठी ५०० अक्षरांची जागा मिळते आणि बहुतेक जण ती ‘भावपूर्ण’, ‘हृदयस्पर्शी’, ‘सर्वांना आवडेल असे’ या शब्दांनी भरून टाकतात. ते वाचून संपादकाला गाणे कुठे ठेवावे, हे कसे कळणार? त्याऐवजी असे लिहून पाहा: ‘२०१९ च्या महापुरात कृष्णाकाठचे घर सोडावे लागलेल्या बाईचे मराठी गाणे, एकच आवाज, मिरजेत घडवलेला तानपुरा, तालवाद्य नाही, रात्री एकट्याने ऐकण्यासारखे.’ यात भाषा, प्रसंग, वाद्य आणि ऐकण्याची वेळ आली. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे; आपल्या गाण्यात ते वाद्य खरोखर वाजत असेल, तर सांगायला संकोच कशाला? वाजत नसेल, तर मात्र केवळ लक्ष वेधण्यासाठी त्याचे नाव घालू नये, कारण ऐकणाऱ्याला ते पहिल्या कडव्यातच कळते.

स्वतंत्र क्युरेटरांना, म्हणजे स्पॉटिफायबाहेरच्या प्लेलिस्ट बनवणाऱ्यांना, लिहिताना आधी त्यांची प्लेलिस्ट मनापासून ऐकावी आणि आपले गाणे त्यातील कोणत्या गाण्यानंतर शोभेल, ते दोन ओळींत कळवावे. एकच मजकूर सगळ्यांना पाठवू नये.

पैशांबद्दल मला तीव्रतेने वाटते, म्हणून स्पष्ट लिहितो. ठरावीक रकमेत हजारो स्ट्रीम (गाणे ऐकले गेल्याच्या नोंदी) मिळवून देण्याचे निरोप तुम्हालाही येत असतील. पैसे घेऊन प्लेलिस्टमध्ये जागा देणे स्पॉटिफायच्या नियमांत बसत नाही. बनावट स्ट्रीम मोजणीतून काढले जातात, त्यांचे मानधन मिळत नाही आणि गाणेही हटवले जाऊ शकते. मागील १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झाल्याशिवाय गाण्याला मानधन सुरू होत नाही, हा २०२४ पासूनचा नियम लहान कलाकारांवर अन्याय करणारा आहे असे माझे मत आहे, आणि त्यापोटी होणारा मोहही मला समजतो. परंतु विकत घेतलेल्या आकड्यांमागे श्रोता नसतो, आणि गाणे कोणाला आवडते याची चुकीची माहिती स्पॉटिफायच्या गाणी सुचवणाऱ्या यंत्रणेला मिळाल्यामुळे पुढे ते भलत्याच लोकांपुढे जाते. त्यापेक्षा कार्यक्रम संपल्यावर जी माणसे थांबून गाण्याविषयी बोलतात, त्यांना तिथेच तुमचे पान उघडून ‘फॉलो’ करायला सांगा. पुढचे गाणे त्यांच्याच रिलीज रडारमध्ये जाणार आहे.