तुम्ही विचारलंत म्हणून: कोळशाच्या घरातली मुलगी सोलरची बाजू का घेते?

"का बाई, तुह्या बापानं कोळशावर तुमाले शिकवलं, अन् तू काहून सोलर-सोलर करते?"

चंद्रपुरात हा प्रश्न मला कुठेही गाठतो. लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या पालकसभेत, गोलबाजारात भाजी घेताना. विचारणारे बहुतेक ओळखीचे असतात, त्यातले बरेच जण बाबांबरोबर खाणीत उतरलेले. विचारण्यात थोडा राग असतो आणि त्याहून जास्त दुखावलेपण. उभ्या उभ्या उत्तर देऊन कोणाचंच समाधान होत नाही, म्हणून एकदा बसून लिहिते आहे.

आधी कोळशाचं देणं सांगते. बाबा एकतीस वर्षं भूमिगत खाणीत होते. डोक्यावर टोपी, टोपीला दिवा, कमरेला त्या दिव्याची जड बॅटरी. पाळीवरून आले की कानामागे आणि नखांच्या कडेला काळं उरलेलंच असायचं, कितीही घासलं तरी. घरात सिगडी, सिगडीत कोळसा. पगार मात्र तारखेला हातात पडायचा, दवाखाना फुकट होता, दिवाळीला बोनस होता. ताईचं लग्न, माझी बी.एस्सी., भावाचं पॉलिटेक्निक, सगळं त्या पैशावर झालं. आज मी शाळेत विज्ञान शिकवते ती त्याच पैशावर शिकले म्हणून. कोळशाला शिव्या देणारं कोणी भेटलं तर मला आजही लागतं.

पण त्याच घरात राहून जे पाहिलं, तेही माझंच आहे. आई गच्चीवर कुरड्या, पापड वाळत घालायची तेव्हा वर जुनी साडी पसरायची. संध्याकाळी साडी झटकली की काळी भुकटी उडायची. आमच्याकडे पांढरे कपडे घेताना लोक विचार करायचे. भुकटी कुठून यायची, ते बोट दाखवून सांगता येणार नाही. गावात कोळशाचे ट्रक होते, रेल्वेची सायडिंग होती, धुरांडी होती. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांतल्या प्रदूषणाची मोजदाद केली आणि त्यात चंद्रपूर चौथं आलं, शंभरपैकी ८३.८८ गुण घेऊन. त्या वर्षी आमच्या गल्लीत कोणालाही आश्चर्य वाटलं नाही. आकडा दिल्लीहून आला, एवढंच काय ते नवीन होतं.

मुलांना मी वर्गात हिशेब घालते. एक युनिट वीज काढायला साधारण सातशे ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. आपल्याकडच्या कोळशात राखच तीस-चाळीस टक्के. म्हणजे एका युनिटमागे पाव किलोच्या आसपास राख. आता आपल्या घराचं महिन्याचं बिल काढा आणि गुणा. शंभर युनिट म्हटलं तरी पंचवीस किलोचं पोतं भरतं. मुलं वहीकडे बघत राहतात. एकीने विचारलं होतं, "मॅडम, आमच्या घरची राख कुठी ठेवली असंल?" चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. तिथे फक्त कोळसा लागतो असंही नाही, पाणीही लागतं. २०१० च्या उन्हाळ्यात केंद्राला पाणी पुरवणारं इरई धरण आटलं तेव्हा पाण्यावाचून वीज काढणारे संच बंद ठेवायची वेळ आली होती.

आता सोलरचं.

सोलरच्या बाजूची खरी गर्दी मला सिंदेवाही तालुक्यात, मामाजींच्या वावरात दिसली. चार एकर वावर, खरिपात धान, मागून हरभरा. कृषिपंपाला थ्री फेज लाइन पाळीपाळीने यायची. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी असली की मामाजी जेवून, कांबळं घेऊन निघायचे. तो सगळा वाघाचा मुलूख आहे. डिसेंबरात एकदा मी हट्टाने त्यांच्याबरोबर गेले होते. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, आणि तोंडाने सतत खोकणं, बोलणं, मध्येच हाळी. मला आधी वाटलं त्यांना सर्दी झाली आहे. नंतर कळलं, जनावराला माणसाची चाहूल लागावी म्हणून ते करतात. पेटीशी पोचल्यावर त्यांनी आधी बॅटरीचा झोत खाली मारला, साप बघायला, मग स्टार्टरचं बटण दाबलं. पंप सुरू झाला. वीस मिनिटांत फेज गेला. आम्ही धुऱ्यावर बसून राहिलो, लाइन परत यायची वाट बघत. घरी मामी जागीच होती. ओलिताच्या रात्री त्या घरात कोणीच झोपत नसे.

म्हणून शहरात कोणी म्हणतं की सोलर हे पर्यावरणवाल्यांचं खूळ, तेव्हा मला ते धुऱ्यावरचे दोन तास आठवतात. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांची मागणी वर्षानुवर्षं एकच आहे: दिवसा वीज द्या. मोर्चे त्यासाठी निघाले, उपोषणं त्यासाठी झाली. त्या मागणीत सोलर हा शब्दसुद्धा नव्हता. पण उन्हाची वीज दिवसाच निघते. तिच्यावर जो सगळ्यात मोठा आक्षेप घेतला जातो, की रात्री काय करणार, तोच पंपाच्या बाबतीत फायद्याचा ठरतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. कल्पना साधी आहे. सबस्टेशनच्या जवळ सोलर प्रकल्प उभा करायचा आणि शेतीच्या फीडरला, म्हणजे पंपांकडे जाणाऱ्या वीजवाहिनीला, दिवसा तीच वीज द्यायची. महावितरणच्या विजेतला जवळपास तीस टक्के वाटा कृषिपंपांचा, म्हणजे हे काम लहान नाही.

मामाजींनी वेगळा सोलर पंप घेतला, पाच एचपीचा. दहा टक्के हिस्सा त्यांचा, बाकी सरकारचं. आता ते सकाळी नऊला वावरात जातात, बटण दाबतात, दुपारी जेवायला घरी येतात. हरभऱ्याला डुकरं येतात म्हणून जागलीला अजूनही जावं लागतं, ते सुटलेलं नाही. पण पाण्यासाठी रात्री जाणं सुटलं.

सगळं गोडच आहे असं मी सांगत नाही. दुसऱ्या वर्षी वादळात त्यांच्या दोन प्लेटा उखडल्या. ज्या एजन्सीने पंप बसवला होता तिचा माणूस यायला सहा आठवडे लागले. फोन उचलायचे, "येतो जी" म्हणायचे, यायचे नाहीत. धान निसवायच्या वेळेला पाणी हवं होतं आणि आभाळ नुसतं भरून राहिलेलं. अशा दिवशी प्लेटा शाबूत असल्या तरी पंपाची धार बारीकच पडते. शेजारच्याला साधं लाइनीचं कनेक्शन हवं होतं, त्याला सोलरच घ्या म्हणून सांगितलं गेलं, तो अजून चिडलेला आहे. त्याचा राग मला बरोबर वाटतो. लोक ज्या गोष्टीच्या बाजूने उभे राहतात ती त्यांच्यावर लादायची गरज नसते, आणि बसवून दिल्यावर दुरुस्तीला न जाणं हा तर सरळ विश्वासघात आहे. सोलरचं नाव सगळ्यात जास्त कोण खराब करत असेल तर असे न येणारे मेकॅनिक.

दराचंही बोलायला हवं, कारण लोक तिथेच वळले. २०१० च्या सुमारास आपल्या देशात सोलरची वीज युनिटला दहा-बारा रुपयांच्या घरात होती. तेव्हा बाबा म्हणायचे, हे श्रीमंतांचं खेळणं आहे, आणि तेव्हा ते खरंच होतं. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भाडल्याच्या लिलावात दर २ रुपये ४४ पैशांवर आला. मी पेपरातली ती बातमी बाबांना वाचून दाखवली. त्यांनी चष्मा लावून आकडा स्वतः बघितला. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

आमच्या गच्चीवर तीन किलोवॅट बसले ते २०२४ मध्ये, पीएम सूर्यघर योजनेत. अनुदान ७८ हजार. जागा तीनेकशे चौरस फूट गेली. चांगल्या दिवशी तेरा-चौदा युनिट निघतात, पावसाळ्यात पाच-सहावर समाधान मानावं लागतं. चंद्रपूरचं ऊन एवढं, मग मे महिन्यात धो-धो वीज निघत असेल, असं सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही. प्लेटेला उजेड हवा असतो, ताप नको. पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला थोडी थोडी वीज घटते, आणि आमच्याकडे मे महिन्यात त्या काचेला हात लावता येत नाही. मार्चमधला सगळ्यात चांगला दिवस मेमधल्या चांगल्या दिवसाला मागे टाकतो.

दर रविवारी पहाटे मी प्लेटा पुसते, काच थंड असताना. ओलं फडकं वरून खाली एकदा फिरवलं की काळं होतं. राखाडी नाही, काळं. बादलीत पिळलं की पाण्यावर बारीक तवंग धरतो. आई साडी झटकायची तीच ही गच्ची, तीच ही भुकटी. एखादा रविवार चुकला तर वीज कमी झालेली मोबाइलवर दिसते.

बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. संध्याकाळी मी शाळेतून आले की विचारतात, "आज किती निघाला?" खाणीत पाळी संपली की हाच प्रश्न असायचा, टनांचा. मी सांगते, बारा. ते मान हलवतात, कमी पडला असेल तर कारण विचारतात.

रात्रीचं काय, हे मला विचारणाऱ्यांना मी लपवून सांगत नाही. दिवसा जास्तीची वीज लाइनीत जाते, रात्री आम्ही तेवढी परत घेतो, आणि रात्रीची ती वीज आजही बहुतेक कोळशाचीच असते. देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशातून येते. उद्या सकाळी धुरांडी बंद करा असं मी कधीच म्हटलेलं नाही. बॅटऱ्या हव्यात, दिवसा पाणी वर चढवून रात्री त्यावर वीज काढणारे साठे हवेत, वेळ हवा. माझं म्हणणं एवढंच, की जिथे दिवसा उन्हावर भागतं तिथे कोळसा जाळू नये, आणि नवा पैसा घालायचा तर उन्हात घालावा.

आणि ज्यांनी आजवर कोळसा काढला त्यांना वाऱ्यावर सोडू नये. २०१५ पासून खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी जमा होतो, खाणीमुळे ज्यांनी सोसलं त्यांच्यासाठी. तो पैसा उद्याच्या कामाची तयारी करायला वापरा, हे मी प्रत्येक सभेत मांडते. मला प्रश्न विचारणाऱ्या काकांना खरी भीती याचीच आहे, हे मला कळतं. त्यांचे मुलगे ठेकेदाराकडे आहेत. कोळशाला पर्याय म्हटलं की त्यांना आपल्या घरातला मुलगा दिसतो.

आमच्या गच्चीवर प्लेटांचा लोखंडी सांगाडा बसवायला जो मुलगा आला होता तो माझाच विद्यार्थी निघाला. आयटीआय इलेक्ट्रिशियन, वडील राख वाहून नेणाऱ्या ट्रकवर. दुपारी एक वाजता, उघड्या गच्चीच्या कडेला, कमरेला पट्टा न बांधता तो बोल्ट आवळत होता. मी ओरडले तेव्हा म्हणाला, पट्टा दिलेलाच नाही. दर घरामागे पैसे मिळतात, पीएफ नाही. मी त्याच्या मालकाला फोन केला, पट्टा येईपर्यंत काम थांबवलं. तो सावलीत येऊन बसला, मी पाणी दिलं. बाबा आतून बाहेर आले, त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसले आणि विचारायला लागले: पाळी किती तासांची, हजेरी कोण लावतं, अपघात झाला तर दवाखाना कोणाकडे.

त्याच्याकडे एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मग त्यानेच मला विचारलं, "मॅडम, हे काम किती वर्षं चालंल?"

खूप वर्षं चालेल, असं मी सांगितलं. मुलाने मान डोलावली. बाबा मात्र म्हणाले, "ते नाही. तुले किती वर्षं ठेवतीन, ते विचार त्याईले."