शॅडो मोड, भाग ४: जॅब अखेर सरळ गेला

काल रात्री, 'रिअल स्टील' चित्रपटातल्या रोबोवरून बनवलेल्या आणि शॅडो मोडमध्ये कॅमेऱ्यातून माझ्या हालचालींची नक्कल करणाऱ्या आमच्या रोबोने, अ‍ॅटमने पहिला खरा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारला. मूठ हनुवटीपासून निघाली, सरळ समोर गेली आणि हनुवटीशी परत आली. कोपर बाहेर फेकलं गेलं नाही, हात अर्ध्यात थरथरला नाही. मी लागोपाठ ४० ठोसे मारले, त्याने ३७ बरोबर उचलले. मागचे तिन्ही भाग वाचलेल्यांना माहीत आहे, या एका ठोशात माझे सात आठवडे गेलेत.

आधी एक दुरुस्ती. तिसऱ्या भागात मी सगळा दोष खांद्याच्या सर्व्होंवर, म्हणजे सांधा हव्या त्या कोनात फिरवणाऱ्या मोटरींवर, टाकला होता, तो चुकीचा होता. माझा एमजी९९६आर सर्व्हो ६ व्होल्टवर ६० अंश फिरायला बिनभाराने ०.१४ सेकंद घेतो. म्हणजे ठोसा माझ्यामागून येणार हे ठरलेलंच आहे, पण मागे पडणं वेगळं आणि भरकटणं वेगळं. विजेचाही प्रश्न नव्हता. दहा सर्व्हो एकदम अडकले तर २५ अँपिअरपर्यंत लागतील, हे धरूनच मी मोठा सप्लाय वेगळा काढला होता आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची वीज त्यापासून तोडली होती. तरी जॅब वाकडाच.

मग सर्व्हो काढून ठेवले आणि कॅमेऱ्यातून मोजलेल्या माझ्या कोपराच्या कोनाचा नुसता आलेख काढला. हुक (बाजूने वळून येणारा ठोसा) मारला की रेषा सुंदर चढते आणि उतरते. अपरकटलाही (खालून वर जाणारा) तसंच. जॅबला मात्र रेषा अर्ध्यात तुटते आणि एका फ्रेममध्ये ४०-५० अंशांची उडी मारते. यंत्राला हात लावायच्या आत, कोनाच्या आकड्यातच गडबड होती.

कारण कळल्यावर ते फार साधं वाटलं. कॅमेरा माझ्या बरोबर समोर होता. मीडियापाइप, म्हणजे चित्रातून शरीराचे सांधे ओळखणारं सॉफ्टवेअर, शरीराचे ३३ बिंदू देतो. डाव्या हाताचे आपल्याला लागणारे ११, १३ आणि १५, म्हणजे खांदा, कोपर, मनगट. ठोसा थेट लेन्सकडे आला की हे तिन्ही चित्रात एकावर एक येतात. आडवं-उभं अंतर जवळजवळ शून्य होतं आणि कोन सगळा खोलीच्या, म्हणजे बिंदू कॅमेऱ्याच्या दिशेने किती पुढे-मागे आहे त्या, आकड्यावर येऊन टेकतो. तो आकडा एका चित्रावरून बांधलेला अंदाज असतो. त्यात जरा चूक झाली की कोपर कुठल्या कुठे जातं. बॉक्सिंगमधला सगळ्यात पहिला शिकवला जाणारा ठोसा नेमका या व्यवस्थेला दिसत नव्हता.

हे समजायच्या आधी मी आकड्यांची थरथर दाबणारे फिल्टर बदलण्यात तीन आठवडे घातले. दहा फ्रेमची सरासरी घेतली तर थरथर गेली, पण ३० फ्रेमच्या कॅमेऱ्यावर हात आणखी दीडशे मिलिसेकंद मागे पडला. नंतर वन युरो फिल्टर लावला. हात स्थिर असताना तो कंप दाबतो आणि वेग वाढला की मोकळं सोडतो. गार्ड धरून, म्हणजे मुठी हनुवटीशी ठेवून, उभं राहिलं की अ‍ॅटम इतका शांत दिसायचा की बघत राहावं. पण चूक येत होती ती नेमकी वेगात. बीटा, म्हणजे वेगात किती मोकळं सोडायचं तो आकडा, वाढवला की चूक जशीच्या तशी पुढे जायची, कमी केला की ठोसाच मरायचा. तरीही शॅडो मोड करणाऱ्या प्रत्येकाने हाच फिल्टर वापरावा, या मतावर मी ठाम आहे. चुकीचं मोजलेलं तो बरोबर करून देणार नाही, एवढंच.

उत्तर लेकीने दिलं. ती नेहमीसारखी स्टुलावर बसून माझा सराव बघत होती. बाजूला स्क्रीनवर आकडा पुन्हा उडाला आणि मी थांबले, तेव्हा ती म्हणाली, "आई, मला तर तुझं कोपर नीट दिसतंय. त्याला कसं दिसत नाही?"

तिचं स्टूल माझ्या उजव्या हाताला, तिरक्या बाजूला होतं. मी तिला उठवलं आणि कॅमेरा तिथे ठेवला.

उजवा हात जोरकस असणारा माणूस डावा खांदा पुढे करून उभा राहतो, त्यामुळे त्याची छाती आपोआप उजवीकडे उघडते. तिथून, साधारण ४५ अंशांवरून, डावा जॅब पूर्ण लांबीने आडवा दिसतो. उजव्या क्रॉसला, म्हणजे मागच्या हाताच्या सरळ ठोशाला, उजवा खांदा पुढे येऊन डावा हात झाकतो खरा, पण तेव्हा डावा हात गार्डमध्येच असतो. म्हणून एखाद्या बिंदूची दृश्यता (तो किती खात्रीने दिसतोय याचा मीडियापाइपने दिलेला ० ते १ मधला आकडा) ०.५ च्या खाली गेली की मी आधीची किंमत धरून ठेवते. एवढा एक नियम पुरला. राहिलेल्या तीन चुका माझ्या उजव्या ग्लोव्हमागे कोपर लपल्याने झाल्या. कॅमेरा डोक्याच्या वर नेऊन खाली झुकवला तर त्याही जातील असं वाटतंय.

'रिअल स्टील' (२०११) मधल्या रोबोंच्या लढतींसाठी खऱ्या बॉक्सर माणसांच्या हालचाली मोशन कॅप्चरने टिपल्या होत्या आणि माजी जगज्जेते बॉक्सर शुगर रे लेनर्ड बॉक्सिंगचे सल्लागार होते. मोशन कॅप्चरच्या सेटवर चहूबाजूंनी कॅमेरे असतात, कारण एकाला झाकलेला बिंदू दुसऱ्याला दिसतो. हे मी कितीदा वाचलं होतं, पण आपल्या टेबलावर कधी लावून पाहिलं नाही.

आणि चित्रपटातला तो शेवटचा सामना. अ‍ॅटमला आवाजी आज्ञा ऐकू येईनाशा होतात, त्याला लढवणारा चार्ली रिंगबाहेर उभा राहून स्वतः ठोसे मारायला लागतो आणि अ‍ॅटम त्याच्याकडे बघून लढतो. त्या वेळी चार्लीचा मुलगा मॅक्स बघत असतो तो बापाकडे. मला हा रोबो करावासा वाटला तो त्या नजरेमुळे. परवा लेक रोबोकडे पाहत असती तर तिला माझं कोपर दिसलंच नसतं.

डोकंही पूर्ण झालं. चेहऱ्याला जुन्या गाळणीची जाळी लावली, मागे दोन निळे एलईडी आणि त्यांच्यापुढे दुधी प्लास्टिकचा तुकडा. तुकड्याशिवाय दिवे टोचतात, तुकड्याने डोळे होतात. खोलीतला दिवा मालवून आम्ही दोघी बराच वेळ त्याच्यासमोर बसलो होतो.

सर्व्हो घेणाऱ्यांनी एक काळजी घ्या. माझ्या शेवटच्या सहापैकी दोघांत, वर 'मेटल गिअर' छापलेलं असूनही, एक चाक प्लास्टिकचं निघालं. बसवण्याआधी प्रत्येकाचं झाकण उघडून बघा, चार स्क्रूंचं काम आहे. पुढच्या हातांसाठी मी सीरियल बसचे, म्हणजे एकाच सामायिक तारेवर जोडायचे, सर्व्हो घेणार आहे. सांधा खरोखर कुठे पोचला हे ते परत सांगतात, आणि त्याशिवाय अ‍ॅटमला ठोसा लागल्याचं कळवता येणार नाही.

आता अडचण लेकीची. ती डावखुरी आहे, तिची छाती डावीकडे उघडते, म्हणजे माझी कॅमेऱ्याची जागा तिच्या पाठीशी येते. त्यासाठी डावीकडे दुसरा कॅमेरा लावायचा, दोघांच्या दृश्यतेची बेरीज करून ज्याची जास्त त्याचं ऐकायचं, असं मी ठरवलं होतं आणि इथे तेच लिहायला बसले होते. पण वरचं ४५ अंशांचं वाक्य लिहिताना सुचलं की कॅमेरा हलवायची गरजच नाही. तिनेच ९० अंश वळून उभं राहायचं, की तोच कॅमेरा तिच्या डाव्या तिरक्या बाजूला येतो. मीडियापाइप मीटरमधले बिंदू कमरेच्या मध्यापासून मोजतोच, त्यामुळे कोडमध्ये 'समोर' म्हणजे कुठे, त्या कोनाचं फक्त चिन्ह बदलायचं. अधिक ४५ ऐवजी उणे ४५. रोबो तिच्या नव्या समोर सरकवायचा, बस. दुसरा कॅमेरा रद्द.

जमिनीवर टेपच्या दोन खुणा आत्ताच केल्या, माझी पिवळी, तिची निळी. ती निळ्या खुणेवर येऊन उभीसुद्धा राहिली आहे आणि ग्लोव्ह बांधून दे म्हणतेय.