भीमाशंकरच्या रानात ‘हद्द कोणाची?’ यात गेलेला पाऊण तास

रानात वाट चुकलो ती आमच्याच चुकीने, त्याचा दोष मी कुणाला देत नाही. पण मदतीसाठी फोन केल्यावर जो पाऊण तास गेला, तो आठवला की माझं डोकं अजूनही तापतं. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

ऑगस्टमधला शनिवार होता. मी आणि इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा, दोघंच. खांडसहून गणेश घाटाने चढलो, पदरवाडीत एका घरी चहा घेतला, संध्याकाळी उतरताना जेवू म्हणून पिठलं-भाकरी सांगून ठेवली आणि वर जाऊन दर्शन घेतलं. इथवर काहीच अडचण आली नाही. परत निघायला मात्र तीन वाजले. पावसाळ्यात वरून दोनच्या आत निघायलाच हवं. अंजन, हिरडा, जांभूळ यांचं ते सदाहरित रान इतकं दाट आहे की आभाळ भरलेलं असलं तर चार वाजताच दिवेलागणीसारखं वाटतं. त्यात धुकं उतरलं आणि दहा पावलांपलीकडचं झाडही दिसेना.

आम्ही ढोरवाटेला लागलो होतो. ती वाट चांगली मळलेली असते, म्हणून फसगत होते. माणसांची वाट कुठल्यातरी वाडीवर पोचते, ढोरवाट चरायच्या जागी जाऊन चारी बाजूंना फुटते आणि संपते. चिखलात बुटांचा एकही ठसा नाही, नुसते खुरांचे, हे भाच्याच्या लक्षात आलं तेव्हा सव्वाचार झाले होते. तरीही आम्ही अर्धा तास चालतच राहिलो. तिथेच थांबायला हवं होतं.

एक ओढा लागला. भाचा म्हणाला, “मावशी, पाण्याबरोबर उतरत जाऊ, खाली गाव लागेलच.” मी ठाम नाही म्हटलं आणि त्या नकाराचा मला आजही अभिमान आहे. कोकणाच्या बाजूने उतरणारे आपले ओढे कड्यावरून धबधबा होऊन पडतात. धुक्यात तो कडा पायाखाली येईपर्यंत दिसत नाही.

थोडं मागे येऊन एका उघड्या कातळावर चढलो. मोबाइलला एक कांडी रेंज मिळाली, बॅटरी एकतीस टक्के. पाच वाजून दहा मिनिटांनी आणीबाणीचा पहिला फोन लावला.

“गाव कुठलं?” मी सांगितलं, गाव नाही, जंगल आहे, भीमाशंकरहून पदरवाडीकडे उतरताना. “रस्ता कुठला?” रस्ता नाही. “जवळची खूण सांगा.” खूण काय सांगू, झाडं! मग विचारलं, “मॅडम, हद्द कुठल्या ठाण्याची?” भीमाशंकर अभयारण्य पुणे, रायगड आणि ठाणे अशा तीन जिल्ह्यांत पसरलंय. देऊळ पुणे जिल्ह्यात, खांडस रायगडच्या कर्जत तालुक्यात, आणि आम्ही मधल्या रानात. तुम्ही वर आहात की खाली, असं विचारून त्यांनी फोन दुसऱ्या जिल्ह्याकडे जोडला. तिथे पुन्हा नाव, वय, गाव, रस्ता, आणि शेवटी, “तुम्ही वरून निघालात ना? मग ते तिकडचं आहे.”

मी मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवले. इंटरनेट नसलं तरी जीपीएस चालतं, आकडे मिळतात. एकोणीस पॉइंट शून्य सात, त्र्याहत्तर पॉइंट पाच, पुढचे आकडेही सावकाश सांगितले. पलीकडून उत्तर आलं, “आकडे नको, पत्ता सांगा.” दोनदा फोन तुटला, दोन्ही वेळा पहिल्यापासून सुरुवात. चौथा कॉल संपला तेव्हा सहाला पाच कमी होते आणि बॅटरी बारा टक्क्यांवर आली होती. बोलणारी माणसं उर्मट नव्हती, हेही सांगते. त्यांच्यासमोरच्या फॉर्ममध्ये आम्ही बसत नव्हतो, इतकंच. पण अंधारात बसलेल्या माणसाला त्याचं काय?

मग जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं. डोंबिवलीला भाऊजींना साधा एसएमएस पाठवला: अक्षांश-रेखांश, दोघं, इजा नाही, इथेच थांबतोय. कॉल टिकत नाही अशा रेंजमध्येही एसएमएस जातो. भाऊजींनी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिथे गिर्यारोहकच बसतात. त्यांनी आकडे लिहून घेतले, किती जण, कुणाला लागलंय का, बॅटरी किती, एवढंच विचारलं आणि निरोप दिला: जागचे हलू नका, फोन बंद ठेवा, दर तासाला पाच मिनिटं चालू करा. तो निरोप वाचला आणि मला रडू आलं.

टॉर्च आमच्याकडे एकच होती, दोन हव्यात. शिट्टी मात्र सॅकच्या पट्ट्यालाच होती. तीनदा वाजवायची, थांबायचं, ऐकायचं. ओरडून घसा बसतो, शिट्टी लांब जाते. टॉर्च विझवून बसलो तेव्हा पायाशी कुजलेली काटकी हिरवट उजळलेली दिसली, मग दुसरी, मग सगळी जमीनच अंधूक चमकायला लागली. भीमाशंकरची ही चमकणारी बुरशी बघायला लोक पावसाळ्यात मुद्दाम रात्री येतात. भाच्याने एक काटकी तळहातावर घेतली, तिच्या उजेडात हाताच्या रेषा दिसत नव्हत्या, नुसती काटकीच दिसत होती. आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

पावणेदहाला खालून “ओऽऽ” अशी हाक आली. पदरवाडीचे तिघे जण, हातात कोयता आणि टॉर्च. सेंटरने त्यांना आकडे कळवले होते, पण ते आधीच निघायच्या बेतात होते. “वहिनीनं तुमच्या भाकऱ्या टाकल्या होत्या, सात वाजले तरी आला नाहीत, म्हणून आमचं बोलणं चाललंच होतं,” त्यांतले थोरले म्हणाले. खरी वाट आमच्या कातळापासून दीडशे पावलांवर होती.

त्या घराचा फोन नंबर मी सकाळी घेतला नव्हता. तुम्ही वाडीत चहा घ्याल तिथला नंबर घ्या आणि किती वाजेपर्यंत परत येणार ते सांगून जा. हद्दीबद्दलचं पत्र मी दोन्ही जिल्ह्यांच्या कार्यालयांना पाठवलं आहे. फोन घेणाऱ्यांना अक्षांश-रेखांश लिहून घ्यायला शिकवा, एवढीच मागणी केली आहे. पोच दोन्हीकडून आली, उत्तर अजून नाही.

पिठलं रात्री अकराला गरम करून वाढलं त्या वहिनींनी. भाच्याने चार भाकऱ्या खाल्ल्या.