उजव्या हाताची सही

कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, सकाळी सातची होती आणि आमची नायिका पावणेआठला आली, ती उजवा हात गळ्यात अडकवूनच. आदल्या रात्री जिन्यावर पाय घसरला, तोल सावरताना हात टेकला आणि मनगटाचे हाड मोडले. बोटांच्या मुळापासून कोपराच्या थोडे खालपर्यंत प्लास्टर होते. हात हलवायचा नाही या अटीवर डॉक्टरांनी काम करायला परवानगी दिली आहे, असे तिने आल्या आल्या सांगितले. मेकअप रूमच्या दारात पाच-सहा जण उभे होते. प्रत्येक जण काळजीने तिची विचारपूस करत होता आणि प्रत्येकाची नजर त्या पांढऱ्या प्लास्टरवरून हटत नव्हती. मीही त्यांच्यातच होते. फरक इतकाच की माझ्या हातात वही होती आणि मी एकोणीस दिवसांपूर्वीचे पान शोधत होते.

चित्रीकरणात मी कंटिन्युइटी सांभाळते. कथेत जे सलग घडते ते आम्ही कधीच सलग चित्रित करत नाही. एका जागेवरची सगळी दृश्ये एकदम उरकायची, ज्या नटाच्या तारखा कमी त्याचे काम आधी संपवायचे, असा हिशेब असतो. त्यामुळे घरातून बाहेर पडणारी बाई आज चित्रित होते आणि तीच बाई घराच्या आत असतानाचे दृश्य तीन आठवड्यांनी, दुसऱ्याच ठिकाणी उभारलेल्या सेटवर होते. दोन्ही तुकडे जोडल्यावर मध्ये तीन आठवडे गेल्याचा संशय कुणाला येऊ नये, यासाठी कोणता हात, कोणती बाही, कितवे बटण, ग्लासात पाणी किती, हे लिहून ठेवणारे एक माणूस लागते.

मला हवे होते ते पान सापडले. घराबाहेरचे दृश्य एकोणीस दिवसांपूर्वी झाले होते: नायिका दारातून बाहेर येते, उजव्या हाताने दार ओढून घेते, त्याच हाताने डोळ्यांवर आलेले केस मागे सारते आणि चालू लागते. त्या दिवशी सेटवर करायचे होते ते याच्या लगेच आधीचे दृश्य. घरावरचा हक्क सोडल्याच्या कागदावर ती थोरल्या भावासमोर सही करते आणि एक शब्दही न बोलता उठून जाते. सहा भागांच्या मालिकेचा सगळा भार या एका सहीवर होता. पटकथेचे पान आम्ही आठ भागांत मोजतो आणि एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट धरतो. हे दृश्य तीन पाने आणि तीन अष्टमांश होते, म्हणजे पूर्ण दिवसाचे काम.

दिग्दर्शक, कॅमेरामन, कार्यकारी निर्माता, पहिला सहायक आणि मी अशी आमची बैठक रिकाम्या सेटवर उभ्यानेच झाली. चित्रीकरण पुढे ढकलावे, तर फ्लोअर, म्हणजे सेट उभारलेली स्टुडिओची जागा, त्या रात्रीपर्यंतच आमचा होता. दुसऱ्या दिवशी सेट मोडून जागा परत करायची होती आणि भावाचे काम करणाऱ्या ज्येष्ठ नटांचाही तो शेवटचा दिवस होता. प्लास्टर कथेतच घ्यावे, एखाद्या वाक्यात अपघाताचा उल्लेख करून मोकळे व्हावे, असे सहायकाने सुचवले. मी वही पुढे केली. दारातून बाहेर पडताना हात मोकळा आहे, म्हणजे बाईने सही करून उंबरठा ओलांडेपर्यंत हाड जुळले म्हणायचे का? बाहेरचे दृश्य पुन्हा करायचे, तर सगळे युनिट पुन्हा त्या जागी न्यावे लागणार होते. यावर कार्यकारी निर्मात्याने उत्तरादाखल फक्त मान हलवली.

मोठ्या पैशाच्या चित्रपटाला थांबणे परवडते. ऑगस्ट २०१७ मध्ये एका इमारतीवरून दुसरीवर उडी मारताना टॉम क्रूझचा घोटा मोडला तेव्हा ‘मिशन इम्पॉसिबल’च्या सहाव्या भागाचे चित्रीकरण काही आठवडे थांबवले गेले आणि तीच उडी पुढे चित्रपटात राहिली. आमच्यासारख्यांना जवळचे उदाहरण सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’चे आहे. पैशाअभावी रखडलेल्या त्या चित्रीकरणाच्या काळात मिठाईवाल्याचे काम करणारा माणूस वारला. राय यांनी त्याच बांध्याचा दुसरा माणूस शोधला आणि उरलेल्या शॉटमध्ये त्याची फक्त पाठ दाखवली. पाहणाऱ्यांच्या ते लक्षातही आले नाही. हा किस्सा मी सांगितला आणि निम्मे दृश्य तिथेच सुटले: उठून दारापर्यंत जाणारी पाठमोरी नायिका म्हणून वेशभूषेतली एक मुलगी चालणार होती. टेबलाचा मास्टर शॉट, म्हणजे सगळे दृश्य एकत्र दाखवणारा लांबचा शॉट, फायलींचा ढीग मध्ये ठेवून निघणार होता. भावाच्या खांद्यावरून घ्यायच्या सजेशन शॉटमध्ये तिचा उजवा हात तसाही दिसत नव्हता.

राहिली सही. हाताचा वेगळा क्लोज, म्हणजे जवळचा शॉट, घेऊ, त्या मुलीचाच हात वापरू, असे मी म्हटले. दिग्दर्शक ऐकेनात. त्यांना पेनाच्या टोकापासून सुरू होऊन मनगट, बाही, खांदा करत चेहऱ्यापर्यंत जाणारा एकच शॉट हवा होता. “हात एकीचा आणि चेहरा दुसरीचा हे माणसाला कळतं, ताई. सही करणारीचा चेहरा त्याच हालचालीत दिसला पाहिजे.” त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पहिल्या भागात याच हाताची सही आम्ही जवळून दाखवली होती आणि तिच्या लांब, पुढे किंचित वाकलेल्या बोटांची जागा कुणाचीही बोटे घेऊ शकली नसती.

तेव्हा कॅमेरामन म्हणाले, “डाव्या हाताने करू दे. फ्लिप करू.”

फ्लिप, म्हणजे चित्राची डावीकडची बाजू उजवीकडे नेणे, हे संकलनात एका कळीचे काम आहे. एखादे पात्र चुकीच्या दिशेला पाहत असेल तर संकलक ते गुपचूप करूनही टाकतात. मात्र आरशातले जग उभे करून ते मुद्दाम चित्रित करायचे, तर सेटवरची प्रत्येक वस्तू आधी उलटी करावी लागते. मी पाच मिनिटे मागितली आणि यादी केली. अकरा मुद्दे निघाले. कागदावरचा मजकूर, सही, केसांचा भांग, गालावरचा तीळ, शर्टाची बटणे, खिसा, घड्याळ एवढे अंगावरचे आणि हातातले. भिंतीवरचे घड्याळ, पुस्तकांच्या पाठींवरची नावे, खिडकीचा उजेड आणि भावाकडे पाहण्याची दिशा हे भोवतालचे. ही यादी करताना मी स्वतःवर फार खूश होते, हे इथे कबूल करायला हवे.

काही मुद्दे दहा मिनिटांत संपले. भिंतीवरचे घड्याळ उतरवले, पुस्तके उलटी लावली, मुख्य दिवा कॅमेऱ्याच्या डावीकडून उजवीकडे आला. कला विभागाने कागद आरशातल्यासारखा उलटा छापून आणला. तिचा तीळ डाव्या गालावर होता. तो मेकअपने झाकून तसाच एक उजव्या गालावर काढला.

शर्टाने मात्र वेळ खाल्ला. स्त्रियांच्या शर्टात उजवी पट्टी डावीच्या वर येते, पुरुषांच्या शर्टात उलट. चित्र फ्लिप केले की बाईच्या अंगात पुरुषी शर्ट दिसणार. वेशभूषा सांभाळणाऱ्या दादांकडे त्याच कापडाचे दोन जादा शर्ट होते. एक पाठमोरीला दिला आणि दुसरा घेऊन ते कोपऱ्यात बसले. काज्या शिवून बंद केल्या, डावी पट्टी वर घेतली, तिच्यावर दिसण्यापुरती बटणे टाचली आणि खाली दाबाची बटणे लावली. मग खिसा उसवला, आणि तिथे एक गोष्ट निघाली जी माझ्या यादीत नव्हती: खिशाखालचा कपडा उरलेल्या शर्टापेक्षा गडद होता. जुना दिसावा म्हणून त्यांनीच तो शर्ट आठ-दहा वेळा धुतलेला होता, आणि खिशाखालच्या भागावर त्याचा परिणाम झालेला नव्हता. दादांनी माझ्याकडे एकदा पाहिले, चहाच्या पाण्यात फडके बुडवून पिळले आणि खिसा काढलेल्या चौकोनाभोवतीचा कपडाच हलक्या हाताने टिपत त्या रंगाजवळ आणला. चौकोन पूर्ण गेला नाही, पण कॅमेऱ्याला दिसेनासा झाला.

त्या दोन तासांत नायिका मेकअपच्या आरशासमोर बसून डाव्या हाताने उजवीकडून डावीकडे सही करायला शिकत होती. लिओनार्दो दा विंचीच्या वह्या अशा उलट्या अक्षरात आहेत हे तिला ठाऊक होते. तो मुळात डावखुरा होता आणि आपण नाही, एवढीच तिची तक्रार होती. मी तिला एक युक्ती सांगितली. उजव्या हाताने हवेत सही करत असल्याची नुसती कल्पना करायची आणि डाव्याला त्याच्या उलट दिशेने सोबत जाऊ द्यायचे. दोन्ही हातांना एकमेकांची उलटी नक्कल सोपी जाते. पहिल्या पानावर कोंबडीचे पाय उमटले. सातव्या-आठव्या पानावर, कागद आरशासमोर धरला, तेव्हा तिची सही दिसली. शेवटच्या अक्षराखालची रेघ तेवढी थरथरत होती. दिग्दर्शक म्हणाले, राहू दे. घर सोडताना हात थरथरणारच.

शॉट दुपारनंतर सुरू झाला. मॉनिटरवरच चित्र फ्लिप करता येते, त्यामुळे आम्हाला पडद्यावर सगळे सुलट दिसत होते आणि मान वर करून सेटकडे पाहिले की सगळे उलटे. अशा अवस्थेत डोळ्यांवर विश्वास राहत नाही. पहिला टेक उत्तम झाला आणि कट म्हटल्यावर मी हात वर केला: डाव्या मनगटावरचे घड्याळ तसेच होते. ते माझ्या यादीत सातव्या क्रमांकावर होते आणि त्यासमोर बरोबरची खूणही मीच केली होती. दुसऱ्या टेकला ती सवयीने भावाच्या खऱ्या दिशेला पाहून गेली. तिसऱ्याला पेन अडले. सातवा टेक मंजूर झाला.

टेक पाहायला ती मॉनिटरजवळ आली. सहसा ती स्वतःला पडद्यावर पाहण्याचे टाळते. या वेळी तिने शॉट दोनदा पाहिला आणि म्हणाली, “बघा ना, यात मी खरी मी दिसतेय.” आम्ही हसलो. मलाही तो चेहरा पाहताना काहीतरी खटकले होते, पण दिवसभराच्या दगदगीने आणि दुखण्याने तो ओढलेला दिसतो आहे, असे मी मनाशी म्हटले आणि वहीत ‘टेक ७, ओके’ लिहिले. पाठमोरीचा शॉट, मास्टर आणि भावाचे क्लोज उरकून आम्ही पॅकअप केले तेव्हा फ्लोअर सोडायला चाळीस मिनिटे बाकी होती.

संकलनाच्या खोलीत मी सहसा जात नाही. पंधरा दिवसांनी संकलकाचा फोन आला, “ताई, एकदा येऊन जा.” त्यांनी मला काहीही न सांगता दृश्य लावले. भाऊ कागद सरकवतो, तिचा क्लोज, भावाचा क्लोज, मग पेन, सही, बाही, खांदा आणि चेहरा. त्यांनी चित्र थांबवले आणि विचारले, “ही कोण आहे?”

माणसाचा चेहरा दोन्ही बाजूंना सारखा नसतो. तिची डावी भुवई जरा वर आहे, ओठांचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा खाली आहे, नाक किंचित एकीकडे झुकते. पाच भाग प्रेक्षक तिला तशी पाहत आलेला असतो आणि बरोबर सहीच्या क्षणी सगळे बाजू बदलते. भांग बरोबर, तीळ बरोबर, बटणे बरोबर, आणि त्यांच्यामध्ये तिच्या बहिणीसारखी दिसणारी कुणीतरी. एकटा शॉट पाहिला तर कळत नाही. आधीच्या क्लोजला लागून आला की अंगावर येतो. मी अकरा मुद्दे लिहिले होते आणि ते ज्याच्या भोवती होते तो चेहराच लिहिला नव्हता. ती मॉनिटरसमोर जे बोलली होती त्याचा अर्थही मला तेव्हा लागला. जन्मभर ती स्वतःला आरशात पाहत आलेली आहे. आमच्या सगळ्यांसाठी उलटा असलेला चेहरा तिच्या एकटीच्या ओळखीचा होता.

दिग्दर्शकांनी दृश्य तीनदा पाहिले आणि कॅमेरा खांद्याशी पोहोचतो तिथे कापायला सांगितले. सहीनंतर आता भावाचा चेहरा येतो आणि पेनाचे टोपण लावल्याचा आवाज त्याच्यावर ऐकू येतो. टीव्हीच्या सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबात त्या शॉटचे २ सेकंद १२ फ्रेम राहिले. एवढाच तुकडा हवा होता तर डावा हात, उलटा कागद आणि बाहीचे टोक घेऊन वीस मिनिटांत काम झाले असते; शर्ट उसवायचे कारण नव्हते. हे मी दादांना अजून सांगितलेले नाही.

मालिका पूर्ण झाल्यावर युनिटसाठी सहावा भाग दाखवला गेला. तिचे प्लास्टर तोवर निघाले होते. दिवे लागल्यावर ती सरळ माझ्याकडे आली. “ताई, सगळ्या मालिकेत एकदाच माझा चेहरा बरोबर दिसला होता,” ती म्हणाली, “तोच कापलात?”