प्रोजेक्टर सगळेच जपतात, खुर्च्या कोण जपणार?

जुन्या थिएटरचा 'लुक' हवा म्हणणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी प्रोजेक्टर मागतं. मी ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात नाटकाचे आणि शूटिंगचे सेट बनवते, अधूनमधून हॉटेलांची सजावटही. सध्या वाशीतल्या एका हॉटेलमालकांना पन्नासच्या दशकातलं टॉकीज हवंय. त्यांनी चोरबाजारातून एक मशीन आधीच उचलून, पॉलिशबिलिश करून ठेवलंय. ते दाराशी मांडायचं, वरून पिवळा दिवा सोडायचा, की झालं थिएटर!

चरईत राहणाऱ्या, थिएटरात प्रोजेक्टर चालवून आता निवृत्त झालेल्या एका ऑपरेटरकाकांना मी सोबत नेलं होतं. त्यांनी मशीनभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "दुसरं कुठाय?"

"एक पुरे की, काका."

"मग रीळ संपल्यावर पब्लिकला काय चहा पाजणार?"

काकांचं बरोबर होतं. ३५ मिमीची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगानं मिनिटाला ९० फूट पळते. हजार फुटांचं रीळ ११ मिनिटांत खलास. दोन रिळं जोडून मोठ्या स्पूलवर चढवली तरी २२ मिनिटं. तंबूतल्या टॉकीजचं एका मशीनवर भागायचं, रीळ बदलेपर्यंत लोक शिट्ट्या मारत बसायचे. पक्क्या थिएटरात मात्र मशीनं दोन. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका चमकला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, सात-आठ सेकंदांनी पुन्हा ठिपका आला की चेंजओव्हर, म्हणजे चित्र दुसऱ्या मशीनवर घ्यायचं. काका आजही टीव्हीवर जुना सिनेमा बघताना त्या कोपऱ्याकडे बघतात, काकू वैतागतात.

आणि दोन मशीनं मांडली तरी ती प्रोजेक्टरची केबिन होत नाही. त्यांचा उजेड कार्बनचा होता. दोन कांड्या समोरासमोर आणून त्यांच्यामध्ये ठिणगीची ज्योत धरायची, मागे आरसा. कांड्या जळत जातात तसं अंतर वाढतं, म्हणून त्या सतत पुढे सरकवाव्या लागतात, नाहीतर पडद्यावर अंधारून येतं आणि खालून आरोळी. धूर बाहेर काढायला लॅम्पहाऊसवर, म्हणजे या दिव्याच्या पेटीवर, धुराडं. या कार्बनला डीसी लागतो, म्हणून शेजारच्या खोलीत एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर. कित्येक ठिकाणी तो पाऱ्याचा असायचा: काचेचा मोठा फुगा आणि त्यात थरथरणारा जांभळट निळा उजेड. मला मांडायचा असेल तर मी तो मांडेन, पण त्याबद्दल कुणी विचारतच नाही.

केबिनच्या भिंतीतल्या झरोक्यांना लोखंडी झडपा असत. आधीची फिल्म नायट्रेटची, पेटली की विझता विझत नाही. कोडॅकनं १९४८ मध्ये सहजासहजी न पेटणारी ॲसिटेट फिल्म आणली, पण झडपा, रिळांच्या बंद पेट्या, लाल रंगाच्या वाळूच्या बादल्या पुढंही राहिल्या. या बादल्या करणं सोपं, स्वस्त, आणि फोटोत छान दिसतात. मालकांना तेवढ्याच आवडल्या.

पण माझं भांडण केबिनवरून नाहीच. प्रेक्षक कुठे केबिनमध्ये बसत होता? तो खाली बसला होता, आणि खालचं सामान कुणी जपलेलं नाही. स्टॉलच्या खुर्च्या म्हणजे बिडाचे पाय जमिनीत बोल्टनं आवळलेले, प्लायची पाठ, उठलं की खाडकन मिटणारी बैठक. बाल्कनीला रेक्झिन, आत काथ्या किंवा स्प्रिंग. (ढेकूण ओरिजिनल देणार नाही, हे मी मालकांना आधीच सांगितलंय.) गादीची खुर्ची नुसती चैनीसाठी नव्हती. रिकामी असतानाही ती माणसासारखा आवाज शोषते, त्यामुळे मॅटिनीला वीस डोकी असली तरी संवाद घुमत नाहीत. लाकडी खुर्च्यांच्या स्टॉलमध्ये सकाळच्या खेळाला नायक विहिरीतून बोलल्यासारखा वाटायचा. भिंतींवरचं तागाचं कापड, छिद्रांचे बोर्ड, मखमली पडदे ही सगळी शोभेइतकीच आवाजाची सोय होती.

पडद्यालाही बारीक छिद्रं असतात, कारण स्पीकर त्याच्या मागे. नायिकेचं गाणं तिच्या तोंडातून आल्यासारखं वाटायला हवं ना! आणि भोवती काळी कापडी चौकट, मास्किंग. १९५३ मध्ये हॉलिवूडनं सिनेमास्कोप आणला, चित्र आडवं पसरलं, तशा जुन्या थिएटरांना बाजूच्या काळ्या पट्ट्या सरकत्या कराव्या लागल्या. आपल्याकडे १९५९ मध्ये गुरुदत्तनं पहिला हिंदी सिनेमास्कोप काढला. पट्ट्या दोन्ही बाजूंना सरकू लागल्या की आज मोठं चित्र आहे हे पब्लिकला कळायचं. तेवढ्यासाठी मी सरकतं मास्किंग अंदाजपत्रकात घातलं. मालकांनी त्यावर काट मारली. "जेवताना कोण बघणार?" म्हणाले. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं कदाचित, पण मनापासून नाही.

तिकीटखिडकीचं मात्र पटवलंय. छोटं अर्धगोल भोक, गज, आत हात घातला की बाहेर काढताना मनगट खरचटलं पाहिजे. तिथे बिल द्यायचं. काचेच्या स्लाइडही करतेय, साड्यांच्या आणि दंतमंजनाच्या जाहिरातींच्या, हातानं रंगवलेल्या.

अडलंय ते खुर्च्यांवर. लाकडी बैठका माझा सुतार करेल, बिडाचे पाय कुठून आणू? कुणाच्या शाळेच्या, नाट्यगृहाच्या नाहीतर लग्नाच्या हॉलच्या अडगळीत पडले असतील तर भंगारवाल्याला देण्याआधी मला कळवा. डझनभर जोड्या हव्यात. गंजलेल्या चालतील, तडकलेल्या नकोत. बीड वेल्डिंगला धड धरत नाही.