जिप्सीचा डावा नकल: दोष शिममध्ये नव्हता

डावा नकल, म्हणजे अ‍ॅक्सलच्या टोकाला चाक वळवणारा भाग, हलवायला लागणारा ताण स्प्रिंगच्या काट्यावर अखेर १.४ किलोवर स्थिरावला आहे आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गाडी रस्त्यावर फिरवून आणल्यावरही तो जवळपास तेवढाच भरतो आहे. किंगपिनची (नकल ज्या वरच्या आणि खालच्या खुंट्यांवर फिरतो त्यांची) बेअरिंगे बदलण्याच्या या कामाची मागील नोंद लिहिली तेव्हा उजवी बाजू बिनबोभाट जुळली होती, डावी मात्र प्रत्येक जोडणीनंतर हातावर तुरी देत होती; त्यामुळे ही नोंद जवळजवळ सगळीच डाव्या बाजूची आहे.

गाडी तीच, १९९७ ची मारुती जिप्सी किंग, रुंद अ‍ॅक्सलची. ताशी ५५-६० च्या वेगात महामार्गावरील उड्डाणपुलाच्या सांध्यावरून पुढचे चाक गेले की स्टेअरिंग असे थरथरू लागे की गाडी जवळपास थांबवल्याखेरीज ते शांत होत नसे. अशा वेळी स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे धक्के शोषणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर) बदलण्याचा सल्ला हमखास मिळतो. ढिल्या किंगपिनवर नवा डॅम्पर बसवणे म्हणजे दुखणे झाकून ठेवणे, हे माझे मत कायम आहे. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेकमुळे हब नकलला जखडला जातो, म्हणून त्यानंतरही जी खडखड उरते ती व्हील बेअरिंगची नसून किंगपिनची असते. जुन्या कपांत, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यांत, रोलरच्या लांबीएवढ्या चरांची ओळच उमटलेली होती. गाडी बहुतेक वेळ सरळ धावते, त्यामुळे रोलर एकाच जागी किंचित हलत राहतात, तिथले ग्रीस बाजूला सारले जाते, आणि इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात पावसाळ्यात सीलच्या फेल्टमधून (नमद्याच्या पट्टीतून) शिरणारे पाणी उरलेले काम पुरे करते.

नवी बेअरिंगे बसवल्यावर खरी डोकेदुखी सुरू झाली. सर्व्हिस मॅन्युअलनुसार गोळ्यावरचे (अ‍ॅक्सलच्या टोकाचा पोकळ गोळा, ज्याभोवती नकल फिरतो) सील न लावता, टायरॉडच्या (चाके वळवणाऱ्या दांड्याच्या) भोकात काटा अडकवून नकल ओढला, तर तो १ ते १.८ किलोच्या ताणाला हलू लागला पाहिजे. वरच्या किंगपिनखालची शिम (पातळ पत्र्याची चकती) कमी केली की ताण वाढतो, जास्त घातली की घटतो. उजवीकडे या साध्या हिशेबाने काम झाले. डावीकडे काटा १.५ भरत असे, सील आणि ब्रेक जोडून गाडी नाशिकच्या गंगापूर रस्त्याने फिरवून आणली की पुन्हा खडखड येई, आणि सील सोडून मोजले की काटा अर्ध्या किलोलाही पोहोचत नसे. शिम आणखी काढली की जोडणीच्या क्षणी नकल जड होई आणि थोड्या प्रवासानंतर परत सैल. बेअरिंगच बनावट असावे, या संशयाने मी दुसऱ्या कंपनीचा जोड आणून बसवला, फरक शून्य.

उलगडा झाला तो टायरवर खुणा करण्याच्या पिवळ्या पेनमुळे. खालच्या बेअरिंगच्या कपाच्या कडेवरून गोळ्याच्या धातूवर एक सरळ रेघ ओढून गाडी जोडली आणि फिरवून आणल्यावर उघडली, तेव्हा त्या रेघेचे दोन तुकडे झालेले होते आणि कपावरचा तुकडा बोटभर पुढे सरकलेला होता. कप त्याच्या घरात, म्हणजे गोळ्यातल्या बसण्याच्या खोबणीत, फिरत होता. तो अंगठ्याने ढकलून बाहेर आला, एवढे सांगितले तरी पुरे. मुळात तो ड्रिफ्ट (ठोकण्याची दांडी) आणि हातोडीशिवाय हलता कामा नये. त्याच्या पाठीवर लालसर तपकिरी भुकटीचा थर होता. दोन पोलादी पृष्ठभाग सूक्ष्म हालचालीने एकमेकांवर घासत राहिले की अशीच भुकटी तयार होते. बोअर गेजने (भोकाचा व्यास मोजणाऱ्या मापाने) घर मोजले असता ते एका दिशेने ०.०६ मिलिमीटरने आणि काटकोनातल्या दिशेने जवळपास दुपटीने मोठे भरले, म्हणजे ते लंबवर्तुळाकार झालेले होते. आता शिमचे गूढही उकलले: सैल कप जोडणीच्या वेळी किंचित तिरपा बसत असे, मी त्या तिरप्या कपावर ताण मोजत असे, आणि गाडीचे वजन व खड्ड्यांचे धक्के बसले की तो सरळ होऊन सारा ताण गिळून टाकत असे. पुढच्या भागाचे वजन खालच्या बेअरिंगवरच येते, त्यामुळे वरचे घर शाबूत आणि खालचे खराब, हेही ओघानेच आले.

घराच्या भिंतीला पंचने टोचे मारून कप घट्ट बसवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. टोच्यांची टोके काही दिवसांत दबतात आणि कप पुन्हा मोकळा होतो, म्हणून तो मार्ग मी विचारातही घेतला नाही. अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये घर बोअर करून (कोरून मोठे करून) त्यात स्लीव्ह, म्हणजे धातूचे कडे, दाबण्याचा प्रस्ताव मिळाला. काम उत्तम, पण जिप्सीचा गोळा अ‍ॅक्सलच्या नळीला वेल्ड केलेला असल्याने डिफरन्शियल उतरवून पूर्ण अ‍ॅक्सल बोअरिंग मशीनवर चढवावा लागला असता, आणि खालचे घर वरच्याशी तंतोतंत एका रेषेत आले नाही तर नवी बेअरिंगेही वाया गेली असती. दिल्लीच्या मायापुरीतून जुना अ‍ॅक्सल मागवण्याचा विचारही केला. त्याचीही घरे कोणत्या अवस्थेत असतील, हे फोटोवरून कळत नाही.

स्लीव्हचे काम जवळपास पक्के झाले असतानाच जुन्या बेअरिंगांचे कोन (रोलर असलेली आतली कडी) हातात आले आणि बेत बदलला. कप घट्ट धरण्यासाठी रिटेनिंग कंपाउंड मिळते. लॉक्टाइट ६३८ व्यासातली ०.२५ मिलिमीटरपर्यंतची फट भरते, म्हणजे माझे घर त्याच्या आवाक्यात होते. अडचण एवढीच होती की कंपाउंड सुकेपर्यंत कप मध्यावर आणि सरळ धरायचा कसा. सातपूरला लेथवर दोन कॉलर वळवून घेतले, ते जुन्या कोनांत बसवले आणि एका लांब आटेदार दांड्यावर दोन्ही कोन समोरासमोर चढवून वरून एक, खालून एक असे गोळ्यात घातले. अ‍ॅक्सल शाफ्ट काढलेला असल्याने मधली जागा मोकळीच होती. नट आवळत गेले की दोन्ही कोन आपापल्या कपाला आत ओढतात, आणि वरचे घर चांगले असल्याने खालचा कप आपोआप त्याच्या रेषेत येतो. घर आणि कप पॉलिश पेपरने घासून, क्लीनरने तेलाचा अंशही न ठेवता पुसून, कंपाउंड लावून सारे २४ तास तसेच सोडले. रोलरवर कंपाउंड जाऊ नये म्हणून ते कपाच्या पाठीवर अगदी पातळ लावले आणि कडेला आलेले लगेच पुसले.

त्यानंतर नव्या कोनांवर जोडणी केली, आणि एकच ०.१ मिलिमीटरची शिम काढल्यावर काटा १.४ वर आला. त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीपर्यंत जाऊन आल्यावर तो १.३ भरला. पिवळी रेघ जागची हललेली नाही. उड्डाणपुलाचा तोच सांधा आता ताशी ७० ने जातो आणि स्टेअरिंगला खबरही लागत नाही. हा आनंद शब्दांत मांडण्याचा मोह आवरतो.

काट्याविषयी एक सूचना: सामान तोलण्याचा डिजिटल काटा या कामाला निरुपयोगी आहे, कारण नकल हलू लागण्याचा नेमका क्षण त्यावर टिपता येत नाही. साधा स्प्रिंगचा काटा घ्यावा. सुट्या भागांबाबत रडगाणे जुनेच. नाशिकमध्ये बोलेरो आणि स्कॉर्पिओ तयार होतात, त्यामुळे महिंद्राचा वॉशरही कोपऱ्यावर मिळतो, पण जिप्सीच्या सीलसाठी पुण्याला फोन करावा लागतो. एका दुकानदाराने मूळ म्हणून दिलेला फेल्ट दोन बोटांनी ओढताच तुटला. तो परत केला. गोळ्यावरचे गंजाचे खड्डे मेटल इपॉक्सीने भरून बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत केले आहेत, नाहीतर नवे सीलही त्यांवर फाटले असते.

उजव्या बाजूच्या कपावरही आता पिवळी रेघ ओढली आहे. माझ्या किंगपिनला ग्रीस निपल (ग्रीस भरण्याचे तोंड) नाही, म्हणून वरच्या पिनला भोक पाडून निपल बसवण्याचा बेत होता. हे लिहिता लिहिता लक्षात येते आहे की पाणी आणि भार दोन्ही खालच्या बेअरिंगला जास्त छळतात, तेव्हा निपल खालीच हवे. दगड लागून ते तुटू नये म्हणून पिनच्या तोंडाला खोलगट जागा करून त्यात ते बुडवता येईल का, हे सातपूरच्या लेथवाल्याला विचारणार आहे. जुन्या खालच्या पिनवर आधी प्रयोग करीन, आणि तोवर नव्या पिनला ड्रिल लावणार नाही.